मूल रडतं, पण डोळ्यांत पाणी नाही: कोरड्या डोळ्यांमागचे दुर्मीळ जनुकीय आजार

तान्हं बाळ रडायला लागलं की सगळं घर धावतं. भूक लागली असेल, पोटात दुखत असेल, लंगोट ओला असेल, दृष्ट लागली असेल, सगळं तपासून होतं. रडताना गालावर पाणी ओघळतंय का, एवढं मात्र सहसा कुणी पाहत नाही. पाहिलंच तर ‘नुसता ओरडतो, डोळ्यांत टिपूस नाही, नाटकी आहे नुसता’ असं कौतुकाने सांगितलं जातं.

बहुतेक वेळा त्यात खरोखर काही नसतं. जन्मानंतरचे पहिले काही आठवडे बाळाचे अश्रू डोळा ओला राहण्यापुरतेच असतात. गालावर ओघळण्याइतकं पाणी साधारण एक ते तीन महिन्यांच्या दरम्यान दिसायला लागतं. त्यामुळे वीस दिवसांच्या बाळाचे गाल कोरडे दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. एरवी भरपूर अश्रू गाळणारं मूल जुलाब-उलट्यांत कोरडं रडायला लागलं, तर ते शरीरातलं पाणी कमी झाल्याचं लक्षण आहे आणि तिथे वेळ घालवायचा नसतो. पण या लेखाचा विषय तिसराच आहे. मूल सहा महिन्यांचं झालं, वर्षाचं झालं, चार वर्षांचं झालं, तब्येत बरी असतानाही ते कधीच ओल्या डोळ्यांनी रडलेलं नाही. अशा मुलाचा डोळा ही त्याच्या आजाराची पहिली खूण असू शकते, आणि खरा आजार डोळ्यापासून बराच लांब असू शकतो.

चार वर्षांचं मूल ‘माझे डोळे कोरडे आहेत’ असं कधीच सांगत नाही. ते सतत डोळे मिचकावतं, उन्हात डोळे उघडत नाही, पंख्याच्या वाऱ्याकडे तोंड करत नाही, झोपेतून उठल्यावर पापण्या चिकटलेल्या असतात आणि चिपडं दोऱ्यासारखी लांब, चिवट निघतात. डोळे वरचेवर लाल होतात. आपल्याकडे अशा डोळ्याला पहिलं नाव मिळतं ॲलर्जीचं, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण उन्हाळ्यात ॲलर्जीचे डोळे घेऊन येणारी मुलं ढिगाने असतात. फरक एवढाच की ॲलर्जीच्या डोळ्याला खाज प्रचंड असते आणि पाण्याची कमतरता नसते. मोबाइलमुळे होणारा कोरडेपणाही हल्ली खूप दिसतो. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात आणि अश्रू उडून जातात, पण त्याच मुलाचा मोबाइल काढून घेतला की ते धो धो रडतं. म्हणजे ग्रंथी शाबूत आहेत.

आणखी दोन कारणं आधी तपासायलाच हवीत. एक, जीवनसत्त्व अ ची कमतरता. संध्याकाळी अंधार पडला की मूल चाचपडतं, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे डाग दिसतात, पुढे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, विरघळूही शकतो. याच कारणाने १९७० पासून आपल्याकडे मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस पाजण्याचा कार्यक्रम सुरू आहे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर पहिला, मग दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ. दुसरं कारण म्हणजे एखाद्या औषधाची भयंकर प्रतिक्रिया, स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. यात अंगावर फोड येतात, तोंड सोलवटतं आणि त्यातून बरं झालेल्या मुलाचे डोळे कायमचे कोरडे राहू शकतात. या दोन्हींत जन्मापासून काहीच नसतं. आधी डोळे चांगले होते आणि मग बिघडले, असा स्पष्ट इतिहास मिळतो. म्हणून आईला विचारायचा सर्वांत उपयोगी प्रश्न असा: याला रडताना कधी तरी पाणी आलेलं आठवतं का?

अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. अगदी तळाशी चिकट द्रवाचा थर, त्यावर पाणी, आणि सगळ्यात वर तेलाचा पातळ तवंग, जो पाणी उडू देत नाही. चिकट थर पांढऱ्या भागावरच्या आवरणातल्या पेशी बनवतात. पाणी मुख्यतः भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली लपलेल्या अश्रुग्रंथीतून येतं आणि तेल पापण्यांच्या कडेला ओळीने बसलेल्या ग्रंथींतून. यातली एखादी ग्रंथी जन्मतःच नसेल तर डोळा कोरडा पडणार हे उघड आहे. पण ग्रंथी असूनही ती चालत नसेल, असंही होतं. ग्रंथीला ‘पाणी सोड’ हा निरोप आपल्या इच्छेविना काम करणाऱ्या नसांमार्फत जातो. याच जातीच्या नसा हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम आणि आतड्यांची हालचाल सांभाळतात. त्यामुळे अश्रू बंद असतील तर याच जाळ्यात दुसरीकडे कुठे बिघाड आहे का, हे विचारणं भाग पडतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे ट्रिपल ए सिंड्रोम, ज्याला ऑलग्रोव्ह सिंड्रोमही म्हणतात. १९७८ मध्ये ब्रिटनमधले बालरोगतज्ज्ञ जेरेमी ऑलग्रोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सख्ख्या भावंडांच्या दोन जोड्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. दोन्ही कुटुंबांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण दुखणं तेच होतं: अश्रू नाहीत, अन्न गिळता येत नाही, आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींतून कॉर्टिसोल हे संप्रेरक पुरेसं येत नाही. तिन्ही लक्षणांची वैद्यकीय नावं ए अक्षराने सुरू होतात, म्हणून ट्रिपल ए.

या तिघांत डोळ्याचं लक्षण बहुधा सर्वांत आधीचं असतं, जन्मापासूनचं, आणि नेमकं तेच सर्वांत उशिरा नोंदवलं जातं. कारण त्याने कुणाचं काही अडत नाही. अडतं ते पुढच्या दोन लक्षणांनी.

गिळण्याचं आधी घेऊ. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंचं वळं असतं, घास आला की ते सैल पडतं. इथे ते सैलच पडत नाही. घास छातीत अडकतो, पाणीसुद्धा अडकतं, मूल प्रत्येक घासामागे पाणी पितं, जेवायला तासभर लावतं, आणि काही वेळाने जे बाहेर येतं त्यात आंबट वास नसतो, कारण ते पोटापर्यंत पोचलेलंच नसतं. रात्री आडवं झालं की अन्ननलिकेत साठलेलं श्वासनलिकेत उतरतं आणि खोकला, वारंवार न्यूमोनिया सुरू होतो. घरात याचं निदान ‘खायचे नखरे’ असं होतं आणि बऱ्याचदा दवाखान्यात ‘ॲसिडिटी’.

तिसरं लक्षण जीवघेणं. कॉर्टिसोलचं एक महत्त्वाचं काम म्हणजे उपाशी असताना रक्तातली साखर टिकवणं. ते कमी असेल तर रात्रभर पोट रिकामं राहिल्यावर पहाटे साखर घसरते आणि मुलाला फिट येते. ताप, जुलाब, ऑपरेशन अशा ताणाच्या वेळी शरीराला एरवीपेक्षा जास्त कॉर्टिसोल लागतं. ते मिळालं नाही की रक्तदाब कोसळतो. साध्या तापात मूल अचानक निपचित पडलं आणि हाती लागलं नाही, अशा काही मृत्यूंमागे हे कारण असू शकतं. पहाटेची फिट पाहून फिटच्या गोळ्या सुरू होतात. त्या सुरू करायला हरकत नाही, पण फिट आली त्या क्षणी साखर किती होती, हे कुणी मोजलं होतं का? बोटाला टोचून होणारी ती तपासणी गावातल्या दवाखान्यातही होते.

ॲड्रिनल ग्रंथी ऐकत नाही म्हटल्यावर मेंदूतली पीयूषिका ग्रंथी तिला आणखी जोराने हुकूम पाठवत राहते. त्या हुकमाचं संप्रेरक वाढलं की त्वचेतलं रंगद्रव्यही वाढतं. मूल काळवंडतं. घरचे म्हणतात उन्हात खेळतो, रंग उतरला. पण उन्हाने हिरड्या काळ्या पडत नाहीत. बोटांच्या सांध्यांवर, तळहाताच्या रेषांत, जुन्या व्रणांवर आणि हिरड्यांवर गडद रंग चढत असेल, आणि तो आई-वडिलांच्या रंगाशी जुळत नसेल, तर ते डॉक्टरांना मुद्दाम दाखवावं. आपल्या सावळ्या लोकांत हे पटकन नजरेत भरत नाही, काही निरोगी माणसांच्या हिरड्याही गडद असतात, म्हणून पूर्वीचे फोटो सोबत न्यावेत. पहिल्या वाढदिवसाचा आणि आत्ताचा फोटो शेजारी ठेवला की बोलणंच खुंटतं.

पुढे काही मुलांत नसांचा त्रास वाढतो. चालताना तोल जातो, हातांचे छोटे स्नायू झिजतात, आवाज नाकातून येतो, उभं राहिल्यावर चक्कर येते. सगळ्यांना सगळं होत नाही. एकाच घरातल्या दोन भावंडांतही चित्र वेगळं असू शकतं.

या सगळ्याच्या मुळाशी बाराव्या गुणसूत्रावरचं एक जनुक आहे. २००० च्या आसपास ते सापडलं. त्यापासून ॲलाडिन नावाचं प्रथिन बनतं. आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकाला बारीक बारीक दारं असतात आणि आत काय जाणार, बाहेर काय येणार हे तिथे ठरतं. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा, तसा हा नाका समजा. तो सुमारे तीस प्रकारच्या प्रथिनांनी बांधलेला असतो आणि ॲलाडिन त्यातलं एक. ते बिघडलं तरी नाका उभा राहतो, पण काही माल आत जायचा तो जात नाही. त्यात पेशीची डागडुजी करणारी प्रथिनंही असतात. झीज साचत जाते आणि ठरावीक जागच्या पेशी आधी हार मानतात.

ट्रिपल ए हा एकटाच आजार नाही. १९४९ मध्ये अमेरिकेत रायली आणि डे या डॉक्टरांनी पाच मुलांचं वर्णन केलं, त्यांच्या निबंधाच्या नावातच अश्रूंच्या कमतरतेचा उल्लेख होता. या मुलांना डोळ्यांत पाणी येत नाही, वेदना आणि गरम-गार कमी कळतं, रक्तदाब वर-खाली होतो आणि जिभेचं टोक गुळगुळीत असतं, कारण तिथले लाल ठिपक्यांसारखे उंचवटेच नसतात. हा आजार जवळजवळ संपूर्णपणे पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यू कुटुंबांत दिसतो. आपल्या कोकणातले बेने इस्रायल हा वेगळा ज्यू समाज. पण डोळ्यांच्या दृष्टीने यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कॉर्नियाची संवेदना गेली असेल तर कोरडा डोळा दुखतच नाही. लाल डोळा, त्यावर जखम, आणि मूल मजेत खेळतंय, हे दृश्य दिलासा देणारं नसून उलट जास्त धोक्याचं आहे.

२०१२ मध्ये एनग्लाय-वन या जनुकाचा आजार पहिल्यांदा ओळखला गेला, तोही एका मुलाच्या जनुकांचं वाचन करून. वाढ मंद, अनैच्छिक हालचाली, यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या, आणि अश्रू नाहीत किंवा फारच कमी. त्याच्या वडिलांनी ही लक्षणं इंटरनेटवर सविस्तर लिहिली आणि ती शोधत शोधत दुसरी कुटुंबं त्यांच्यापर्यंत पोचली. २०१४ मध्ये आठ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलाची वाढ मंद असणं हे शेकडो आजारांत असतं, त्यावरून इंटरनेटवर काहीच हाती लागत नाही. अश्रू नसणं ही मात्र इतकी वेगळी खूण की तिच्यामुळे माणसं माणसांना सापडू शकतात.

ग्रंथीच तयार न होण्याचे आजार वेगळ्या गटातले. काही मुलांत अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथी दोन्ही नसतात. तिथे डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं असतं आणि दुधाचे दात भराभर किडतात. कान पेल्यासारखे, ऐकू कमी येतं, अंगठ्याची ठेवण वेगळी, असंही सोबत असू शकतं. दुसरा गट एक्टोडर्मल डिसप्लेशियाचा. यात घामाच्या ग्रंथी, केस आणि दात नीट बनत नाहीत, आणि पापण्यांतल्या तेलाच्या ग्रंथीही. अश्रू येतात, पण तवंग नसल्याने लगेच उडून जातात.

या शेवटच्या आजाराचा आपल्या उपखंडाशी जुना संबंध आहे. चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकीकत नोंदवली आहे. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात, अंगावर केस फारच कमी, लवकर टक्कल, आणि उन्हाळ्यात त्वचेच्या कोरडेपणाचा प्रचंड त्रास. मुलींना त्रास नाही, पण त्यांच्या मुलग्यांना तो होतो, हेही त्याने लिहून ठेवलं. जनुक हा शब्द तेव्हा नव्हता, आणि तरीही एक्स गुणसूत्रावरून जाणाऱ्या आजाराचं यापेक्षा नेमकं वर्णन कठीण. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात असं बाळ घाम न आल्यामुळे तापतं आणि ‘कारण न सापडणारा ताप’ म्हणून दाखल होतं. केस विरळ, सुळ्यासारखे टोकदार दोन-चार दात, ताप आणि लाल डोळे एकत्र पाहिले की कोडं बरंचसं सुटतं. जर्मनीत अशा बाळांना गर्भात असतानाच, गर्भजलात, कमी असलेलं प्रथिन देण्यात आलं आणि जन्मानंतर त्यांना घाम येऊ लागला, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. दुर्मीळ आजाराला उपचारच नसतात, असं म्हणणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं.

तपासणी डोळ्यांपासून सुरू होते आणि ती महागडी नाही. शर्मर चाचणीत टिपकागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीत बाहेरच्या बाजूला अडकवतात आणि पाच मिनिटं थांबतात. पट्टीवर ओल किती मिलिमीटर चढली ते मोजायचं. दहाच्या वर असेल तर चिंता नाही, पाचच्या खाली असेल तर अश्रू खूपच कमी. दोन वर्षांचं मूल पाच मिनिटं पट्टी ठेवू देईल ही अपेक्षा फोल आहे, ते पट्टी उपटून फेकतं. पण त्या झटापटीत ते कडाडून रडतं, आणि पट्टी तरीही कोरडी राहिली तर उत्तर मिळालेलंच असतं. नंतर नारंगी रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात बघतात. कॉर्निया जिथे सोलवटला असेल तिथे हिरवे ठिपके चमकतात. कापसाची बारीक वात कॉर्नियाला लावून पापणी मिटते का तेही पाहतात. ही शेवटची तपासणी डोळा बधिर करणारे थेंब घालण्याआधीच व्हायला हवी, नाही तर तिला अर्थ उरत नाही.

अश्रू जन्मापासून नाहीत हे पक्कं झालं की बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसोल आणि त्याला हुकूम देणारं एसीटीएच तपासून घ्यावं. गिळायला त्रास असेल तर बेरियमचं पातळ मिश्रण पाजून काढलेला अन्ननलिकेचा एक्स-रे. निदान पक्कं होतं ते जनुकीय तपासणीने. आईवडिलांचे नमुनेही सोबत दिले तर अहवालाचा अर्थ लावणं सोपं जातं, कारण ‘बदल सापडला, पण त्याचा अर्थ निश्चित नाही’ असं उत्तर येणं अगदी नेहमीचं आहे. आणि एक महत्त्वाचं: गिळण्याच्या त्रासावर अन्ननलिकेचं ऑपरेशन ठरलं असेल आणि मुलाला अश्रू नसतील, तर कॉर्टिसोल तपासल्याशिवाय भूल देऊ नये. हे भूलतज्ज्ञांना आपण होऊन सांगावं.

ट्रिपल ए मध्ये आई आणि वडील दोघेही वाहक असतात, म्हणजे प्रत्येकाकडे त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असते, दोघांनाही काही त्रास नसतो, आणि प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. नात्यातल्या लग्नात ती गाठ पडणं सोपं होतं. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी करणं आजही रीतीला धरून आहे. घरात असं मूल असेल तर ‘कुणाच्या घराण्यातून आलं’ यावर भांडण होतं आणि बोल बहुतेक वेळा सुनेच्या वाट्याला येतो. बिघडलेली प्रत एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली असते. दोष वाटायचाच तर समसमान वाटावा लागेल.

घरी करायच्या गोष्टी साध्या आहेत, पण चिकाटीच्या. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून सहा-आठ वेळा घालायचे असतील तर ते प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच हवेत, कारण बाटली टिकावी म्हणून घातलेलं रसायन रोज इतक्या वेळा गेलं तर डोळ्यालाच इजा करतं. रात्री मलम, बाहेर जाताना बाजूने बंद असलेला चष्मा, कूलर-पंख्याचा झोत तोंडावर नाही. डोळ्याचं पाणी निचरून नेणारी भोकं छोट्या प्लगने बंद करता येतात, रक्तातल्या सीरमचे थेंब बनवता येतात, आणि कॉर्निया फारच खराब असेल तर द्रव भरून घालायच्या मोठ्या लेन्स असतात. काजळ, गुलाबपाणी, मध, तूप, आईचं दूध यांतलं काहीही डोळ्यात घालू नये. मेडिकलवाल्याने ‘लाल डोळ्यावर चांगले आहेत’ म्हणून दिलेले स्टेरॉइडचे थेंबही नकोत, त्याने डोळ्याचा दाब वाढतो आणि मोतीबिंदू होतो.

ॲड्रिनलचं निदान झालेल्या मुलाला हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या लागतात, आणि त्याही स्टेरॉइडच, म्हणून कुणीतरी नातेवाईक त्या बंद करायला सांगतोच. ते ऐकू नये. डोळ्यातले थेंब हे वरून दिलेलं औषध आहे, तर ही गोळी शरीरात जे बनत नाही त्याची भरपाई आहे. ताप आला की डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे मात्रा दुप्पट-तिप्पट करायची, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन द्यायचं. तो कागद शाळेच्या दप्तरात, आजोळी, आणि प्रवासाच्या पिशवीत असायला हवा.

दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारचं २०२१ चं धोरण आहे आणि त्याखाली नेमलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. यादीतल्या आजारांना आर्थिक मदत मिळते, सगळेच आजार यादीत नाहीत. तरीही जनुकीय समुपदेशनासाठी तिथे जाणं उपयोगाचं. पुढच्या गरोदरपणाचा विचार असेल तर आधीच जावं. आणि धाकटं भावंड असेल, ठणठणीत दिसत असेल, तरी त्याचंही सकाळचं कॉर्टिसोल त्याच फेरीत तपासून घ्यावं.